टाचणीकाकांनी बसवलेला पंप

आमच्या गल्लीच्या तोंडाशी टाचणीकाकांचं शिलाईचं दुकान आहे. आईवडिलांनी त्यांचं एक बरंसं नाव ठेवलेलं आहे आणि ते दुकानाच्या पाटीवरही आहे, पण पाटी वाचून त्या नावाने हाक मारणारा माणूस परगावचाच समजावा. सकाळी नऊला दुकान उघडलं की काका चार टाचण्या ओठांत धरतात आणि संध्याकाळी शटर ओढताना त्या काढतात. मधल्या वेळात त्यांचं बोलणं म्हणजे "हं", "उंहूं" आणि भुवया. डावी भुवई वर गेली तर कपडा कमी पडतोय. दोन्ही वर गेल्या तर गिऱ्हाइकाचं पोट वाढलंय. गल्लीतली माणसं ही भाषा इतकी शिकली आहेत की काका कधी चुकून तोंड उघडून बोलले, तर समोरचा दचकतो.

शटर ओढल्यावर तरी मोकळे व्हावेत, तर तेही नाही. काज-बटणांचं काम ते घरी आणतात, आणि काम आलं की टाचण्या आल्याच.

त्यांची बायको सरकारी दवाखान्यात मोठी नर्स आहे. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणते. फक्त काका म्हणत नाहीत, त्याचं कारण सांगायला नको. सिस्टरचा आवाज वॉर्डाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा. तीस वर्षं त्या माणसांना उठवताहेत, झोपवताहेत, औषध गिळायला लावताहेत. नवराही त्यांनी एक शांत, पथ्य पाळणारा पेशंट म्हणूनच सांभाळला.

आणि त्या दोघांच्या मधे होती गाडी.

गाडी सत्तावीस वर्षांची. रंग दुधावरच्या सायीसारखा, म्हणजे मूळचा. आता ती साय थोडी जुनी झाली आहे. एका दातांच्या डॉक्टरकडून काकांनी ती घेतली तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते आणि त्यांना गाडी येत नव्हती. लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झाले. चौथ्या वेळी परीक्षकाच्याच पँटची चेन बिघडली होती, ती काकांनी उभ्या उभ्या दुरुस्त करून दिली. पास कशामुळे झाले यावर गल्लीत अजून दोन पक्ष आहेत.

एकदा जोरात ब्रेक मारताना टाचणी टाळूला लागली, तेव्हा सिस्टरनी फर्मान काढलं की गाडीत टाचण्या बंद. त्या फर्मानाचा जो परिणाम झाला तो त्यांच्याही ध्यानात नव्हता. रविवारी सकाळी दोघं टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत फिरायला जात. पहिल्याच रविवारी गल्ली मागे पडली आणि काका बोलायला लागले. आठवडाभर तुंबलेलं सगळं बाहेर आलं. कोण कोणत्या रंगाचं अस्तर मागतो, कोणाची बाही कशी बसली नाही, लहानपणी आपण विहिरीत कसे पडलो, दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांचा कोट किती वाईट शिवलाय, सगळं. सिस्टर आपल्या वॉर्डातलं सांगत. दोन तास जात आणि परतल्यावर पुन्हा "हं". अकरा वर्षं हे असं चाललं होतं. संसारातली झाडून सारी महत्त्वाची बोलणी त्या गाडीच्या पुढच्या दोन सीटांवर झाली आहेत. मुलीच्या लग्नाचा निर्णय दुसऱ्या गिअरमध्ये झाला.

तर ही गाडी तापायला लागली. दोन महिन्यांत तीनदा. तिन्ही वेळा टेकडीच्या तिसऱ्या वळणावर काटा लाल पट्टीत गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि तिसऱ्या वेळी तर सिस्टर युनिफॉर्ममध्ये होत्या. त्यांना त्या अवतारात गाडी ढकलताना त्यांच्याच वॉर्डातून आदल्या दिवशी सुटलेल्या पेशंटने पाहिलं, आणि हर्नियाचं ऑपरेशन ताजं असूनही तो बिचारा मदतीला धावला. त्याला ओरडून परत पाठवण्यात सिस्टरचा घसा बसला. घरी येऊन त्यांनी बसक्या आवाजातच निकाल दिला: पेशंट गेलेला आहे, नातेवाइकांना सांगायचं तेवढं बाकी आहे. भंगारवाल्याला रविवारी दहा वाजता बोलावलंय.

काकांच्या दोन्ही भुवया वर गेल्या. त्यांना खूप काही म्हणायचं होतं. पण ते म्हणायला गाडीत बसायला हवं होतं, आणि गाडी तर बंद होती.

समोरच्या गॅरेजच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून पंखा दोन बोटांनी हलवला. पंखा लटलटला. मग त्याने पंपाखालून बोट फिरवलं आणि हिरव्या पाण्याने ओलं झालेलं बोट काकांच्या डोळ्यांपुढे धरलं. इंजिनातून रेडिएटरकडे आणि रेडिएटरमधून इंजिनाकडे पाणी फिरवणारा पंप मेला होता. बेअरिंग गेलं, सील गेलं. बाकी इंजिन ठणठणीत. पण मिस्त्री त्याच संध्याकाळी भाचीच्या लग्नाला निघाला होता आणि बुधवारपर्यंत येणार नव्हता. काकांचा चेहरा बघून त्याला दया आली असावी. तो म्हणाला, "काका, सहा बोल्ट आहेत. तुम्ही एका कोटाला दहा बटणं लावता. घाबरताय कशाला?" आणि पान्यांचा डबा नि नव्या पंपाचं खोकं काकांच्या हातात देऊन, अडलं तर फोन करा म्हणून तो गेला. सिस्टरची परवानगीही मिळाली, एका अटीवर: रविवारी सकाळी गाडीने टेकडी चढून दाखवायची, वाटेत कुठेही न थांबता. नाही जमलं तर दहा वाजता भंगारवाला.

शनिवारी सिस्टरची ड्युटी सात ते तीन. त्या गेल्याबरोबर काकांनी दुकानाच्या शटरवर "आज ट्रायल नाही" असा कागद लावला आणि अंगणात गाडीखाली एक जुनी चादर अंथरली. इस्त्री केलेली. गळ्यात टेप, कानावर खडू, ओठांत टाचण्या. गाडी उघडायला टाचण्या कशाला, असं कुणीतरी विचारलं. काकांनी "हं" केलं.

मिस्त्री लोक बोल्ट काढतात आणि एका डब्यात टाकतात, मग लावताना डब्यात हात घालून देवाचं नाव घेतात. काकांची पद्धत वेगळी. त्यांनी आधी एका खाकी कागदावर पंपाचं चित्र काढलं, मापं घेऊन, खडूने; आणि निघालेला प्रत्येक बोल्ट कागदावर ज्या त्या जागी टोचून ठेवला. सहा बोल्ट तीन वेगवेगळ्या लांबीचे होते, ते कागदावर असे उभे राहिले की जणू वर्गात मुलं. वरच्या पाइपाला लाल दोरा, खालच्याला निळा. पंख्याचा पट्टा सैल करण्याआधी तो किती ताणलेला होता हे टेपने मोजून लिहिलं. रेडिएटरचं पाणी टबात काढलं, एक थेंब चादरीवर पडला, तर काम थांबवून आधी डाग पुसला. गल्लीतली रिकामी माणसं कुंपणाशी उभी राहून हे बघत होती. त्यांच्यापैकी कुणालाच गाडी उघडता येत नव्हती, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता.

साडेअकराला जुना पंप बाहेर आला. त्याचा दांडा सैल शिवलेल्या बटणासारखा लोंबत होता. काकांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि अशी मान हलवली की वाईट शिलाई कुठेही दिसली तरी वाईटच.

नवा पंप खोक्यातून काढला तेव्हा अडचण आली. पंप आणि इंजिन यांच्यामधे एक पॅकिंग बसतं, जाड कागदासारखं. पाणी बाहेर गळू नये म्हणून. ते खोक्यात नव्हतंच. काकांनी टाचण्या हातात घेऊन फोन लावला. लग्नाच्या गोंगाटातून मिस्त्री ओरडला की गॅरेजच्या खिडकीत पॅकिंगचा कागद पडलाय, पंप त्याच्यावर ठेवा, आखा आणि कापा, मीही कायम तसंच करतो.

आखा आणि कापा! हे शब्द ऐकून काका तीन इंच उंच झाले. इतका वेळ ते पाहुण्यासारखे काम करत होते. आता पाहुण्याला त्याच्याच घरचा पदार्थ करायला सांगितला होता. त्यांनी कागद दुकानात नेला, कापायच्या टेबलावर पसरला. मोठ्या कात्रीला हात लावला नाही. ती कपड्याची. त्या कात्रीने कागद कापला तर काका तीन दिवस जेवत नाहीत. तसा प्रकार सिस्टरच्या हातून एकदा झाला होता. कागदाची कात्री वेगळी, ती काढली. पंप ठेवून खडूने आखणी केली. अशी बारीक, सुरेख आखणी त्या पंपाच्या कारखान्यातही कुणी केली नसेल.

आणि इथे जवळजवळ पन्नास वर्षांचा हात आडवा आला.

कपडा कधीही आखलेल्या रेषेवर कापत नाहीत. रेषेच्या बाहेर बोटभर जागा सोडतात, शिलाईच्या आत जायला. शिंपी तिला माया म्हणतात. ज्याने माया सोडली नाही तो शिंपी नव्हे, तो न्हावी, असं काकांच्या उस्तादांनी त्यांना चौदाव्या वर्षी सांगितलं होतं. काकांनी माया सोडली. बाहेरच्या कडेला सोडली, इथवर ठीक. नंतर पंपाभोवती झालर दिसली असती, एवढंच. पण पाणी जायची जी दोन भोकं होती, तिथेही ते रेषेच्या आतून कापत गेले. कमी पडलं तर वाढवता येत नाही, जास्त झालं तर काढता येतं. हे त्यांच्या बोटांना इतकं पाठ होतं की डोक्याला विचारायचं कुणाला सुचलं नाही. रुपयाएवढं भोक शर्टाच्या काजाएवढं झालं.

दीडच्या सुमाराला सगळं जागच्या जागी बसलं. बोल्ट कागदावरून उतरून आपापल्या घरी गेले. पाणी भरलं, इंजिन सुरू केलं. काकांनी खाली वाकून पाहिलं: थेंब नाही. चादर कोरडी. कुंपणाशी टाळ्या पडल्या, त्यात सकाळपासून "जमणार नाही" म्हणणाऱ्यांच्या जास्त. काकांनी तर हात धुऊन, कोरडे करून, पँटची घडीसुद्धा नीट केली.

दहाव्या मिनिटाला काटा मध्यावर आला. तिथे तो थांबायला हवा होता. थांबला नाही. सावकाश, सभ्यपणे लाल पट्टीकडे निघाला. काकांनी किल्ली फिरवली.

मिस्त्री फोनवर म्हणाला, आत हवा अडकली असेल. गार होऊ द्या, झाकण उघडं ठेवून चालवा, पाइप दाबा. काकांनी गार होऊ दिलं, झाकण उघडलं, पाइप दाबले. दहा मिनिटं. काटा पुन्हा निघाला. कुंपणाशी उभी असलेली माणसं एकेक करून घरातली कामं आठवून निघून गेली. कुणी हरत असताना बघायला थांबू नये, एवढी रीत आमच्या गल्लीत आहे.

साडेतीनला सिस्टर आल्या तेव्हा काका पायरीवर बसले होते. हात काळे, शर्ट काळा, कानावरचा खडूही काळा. सिस्टरनी गाडीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि दाराशी पर्स ठेवत म्हणाल्या की उद्या भंगारवाल्यासमोर तरी असा चेहरा करून बसू नका, तो भाव पाडेल.

काकांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या. चारही. पायरीवर ओळीत ठेवल्या.

"गाडी गेली तर मी बोलायचं कुठे?" ते म्हणाले.

सिस्टर उभ्याच राहिल्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि घराच्या पायरीवर हे काकांचं पहिलंच पुरं वाक्य असावं. तीस वर्षांत माणसांनी त्यांना काय काय सांगितलं होतं, आणि उत्तर द्यायला त्या कधी अडल्या नव्हत्या. आता त्यांनी नुसत्या बाह्या वर केल्या.

"इंजिन चालू करा," त्या म्हणाल्या. "दोनच मिनिटं."

काकांनी चालू केलं. सिस्टरनी लाल दोऱ्याच्या पाइपावर दोन बोटं ठेवली आणि लगेच काढली. मग निळ्या दोऱ्याच्या पाइपावर ठेवली, आणि ठेवून उभ्या राहिल्या, डोळे घड्याळावर, पेशंटची नाडी बघतात तशा.

"बंद करा. वरचा भाजतोय, खालचा गार पडलाय. पायाला रक्त पोचत नाहीये तुमच्या पेशंटच्या. मधे कुठेतरी अडलंय." त्यांनी काकांकडे रोखून पाहिलं. ही नजर वॉर्डात चोरून मिठाई खाल्लेल्यांना माहीत आहे. "आत काय काय घातलंत, सगळं सांगा. लपवू नका."

काकांनी सुरुवातीपासून सांगितलं. पंप, बोल्ट, पट्टा. मग पॅकिंग.

"ते खोक्यात नव्हतं. मी कापलं. चांगलं कापलंय, थोडी माया सोडून."

"कुठे सोडली?"

"सगळीकडे."

"भोकांनापण?"

काकांचा हात पायरीवरच्या टाचण्यांकडे गेला आणि परत आला. मग त्यांनी दोन्ही काळे हात तोंडावर धरले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. सिस्टरना वाटलं रडताहेत. ते हसत होते. मग सिस्टरही हसायला लागल्या, आणि एवढ्यात काकांच्या फोनवर मिस्त्री आला, त्याला हे कळलं, तो तिकडे इतका हसला की त्याने फोन नवरदेवाच्या मामाला दिला आणि मामानेही सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं. आमच्या टाचणीकाकांचं नाव ज्याच्या तोंडी नव्हतं असा एक माणूस त्या लग्नात उरला नसेल.

काका लगेच पाना घेऊन निघाले, तर सिस्टरनी अडवलं. तापलेला पेशंट उघडायचा नसतो. दीड तास वाट बघायची. त्या वेळात काकांनी नवं पॅकिंग कापलं. या वेळी रेषेवर. बरोबर रेषेवर कापायचं म्हणजे त्यांना मोठं जड गेलं. कात्री सारखी बाहेर पळत होती. सिस्टर शेजारी उभ्या राहून "रेषेवर, रेषेवर" म्हणत होत्या, बाळंतिणीला धीर द्यावा तशा सुरात.

पाच वाजता दुसरं ऑपरेशन सुरू झालं. आता टेबलाच्या त्या बाजूला सिस्टर होत्या. काका नुसता हात पुढे करत आणि हातात हवा तो पाना पडे. "बारा नंबर." "दहा." "पुसायला." नुसत्या "हं"वरही पाना बरोबर यायचा, चौतीस वर्षं काही वाया गेली नव्हती. बॉनेट लावायच्या आधी सिस्टर म्हणाल्या, थांबा, मोजा. ऑपरेशनआधी जेवढी हत्यारं होती तेवढी टाके घालायच्या आधी बाहेर हवीत. मोजली. एक पाना कमी. काकांनी डबा पाहिला, चादर झटकली, खिसे पाहिले. पाना आत होता, पंख्याच्या पात्याला टेकून आरामात पडलेला. तसंच इंजिन सुरू केलं असतं तर रेडिएटरही गेला असता आणि बहुधा कुंपणही. काकांनी पाना काढून मुकाट्याने सिस्टरच्या हातात दिला. त्यांनी मोजणी पुरी करून मान हलवली आणि मग बॉनेट लागलं.

रविवारी सकाळी सात वाजता दोघं निघाले. वस्ती संपेपर्यंत काका गप्प होते, डोळे काट्यावर. पहिल्या वळणावर काटा मध्यावर आला आणि थांबला. त्यांनी घसा खाकरला. मग सुरू झाले. एक गिऱ्हाईक दरवर्षी तोच कोट घेऊन येतं, दरवर्षी तो बोटभर उसवून सैल करायचा, आणि दरवर्षी ते म्हणतं की कापड आटलंय. कापड तरी किती आटणार? त्या कोटाची आतली शिल्लक आता संपली आहे आणि माणूस तर वाढतोच आहे, त्याला हे सांगायचं कसं? सिस्टर म्हणाल्या, माझ्याकडे पाठवा, मी सांगते. काका म्हणाले, नको, तो गिऱ्हाईक आहे, पेशंट नाही. दुसरं वळण गेलं. बोलता बोलता तिसरं आलं आणि गेलं, ते काकांना कळलंच नाही. सिस्टरना कळलं. त्या काट्यावर डोळा ठेवून होत्या, आणि वळण मागे पडल्यावर त्यांनी मांडीवर आवळून धरलेली पाण्याची मोठी बाटली खाली पायाशी ठेवली.

टाकीपाशी पोचल्यावर त्या उतरल्या, बॉनेट उघडायला लावलं, दोन्ही पाइपांना हात लावला. दोन्ही सारखे गरम. "नॉर्मल," त्या म्हणाल्या. काका अजून कोटाचंच बोलत होते.

परत आले तेव्हा भंगारवाला फाटकाशी आपला टेम्पो लावून वाट बघत होता. सिस्टरनी त्याला सांगून टाकलं की गाडी विकायची नाही, आणि आज नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. तो चिडला. इतक्या लांबून आलो, रविवार मोडून आलो, बोलावून असं परत पाठवतात का. बोलणं रास्त होतं, त्यामुळे सिस्टर ऐकून घेत होत्या. पण ऐकता ऐकता त्यांची नजर खाली गेली. टेम्पोच्या पुढच्या चाकांच्या मधे रस्त्यावर एक हिरवं डबकं साचत होतं. थेंब, थोडं थांबून थेंब.

काका केव्हाच गुडघ्यांवर बसून खाली बघत होते. त्यांनी बोट फिरवलं, ओलं झालेलं बोट वर धरून सिस्टरना दाखवलं.

"किती दिवसांपासून गळतंय हे?" सिस्टरनी विचारलं. तो वॉर्डातला आवाज होता.

भंगारवाल्याचा राग कुठल्या कुठे गेला. तो चाचरत म्हणाला, तसं म्हणजे, तीनेक महिने झाले असतील.

"तीन महिने," सिस्टर म्हणाल्या, "आणि आज येताय?"